यासीनच्या नावाची झडप

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला, तेव्हा यासीन मुकादम आखातातल्या जिदहफ्सच्या बाजाराबाहेर ट्रक उभा करून चहा पीत होता.

"यासीनभाई, मी स्वप्नाली. हृदयाच्या झडपेचा अभ्यास चाललाय ना, तिथली नर्स. गाडी चालवताय?"

"नाही ताई, उभी आहे."

"मग उभीच राहू द्या. शनिवारी तुमची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, त्यात महाधमनीची झडप फार अरुंद दिसतेय. रक्त बाहेर पडायची वाट तीन-चार चौरस सेंटिमीटर असायला हवी. तुमची पाऊणसुद्धा नाही. जिने चढू नका, ओझं उचलू नका. आजच या. धाप लागते? चक्कर येते?"

यासीनला चक्कर येत नव्हती. शनिवारी तो त्या टेबलावर झोपलाच नव्हता. त्याचं कार्ड घेऊन त्याचा चुलतभाऊ नावेद झोपला होता.

"पाच मिनिटांत फोन करतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

तीन आठवड्यांपूर्वी गुदैबियात पन्नाशीच्या पुढच्या कामगारांसाठी तपासणी झाली होती. फोनला जोडलेला स्टेथोस्कोप छातीवर अर्धा मिनिट धरायचा. मशीनला आवाज संशयास्पद वाटला, तर त्या माणसाची इको करायची आणि मशीनचं कितपत खरं निघतं ते पाहायचं, असा तो अभ्यास. दोनशे बारा जणांपैकी नऊ जणांना इकोची चिठ्ठी मिळाली. त्यांत यासीन होता. पुढच्या महिन्यात त्याच्या लायसन्सची मेडिकल होती. वय छप्पन्न. नापास म्हणजे विमानात बसून थेट रत्नागिरी.

नावं कंपनीकडे जाणार नाहीत, असं स्वप्नालीने तीनदा सांगितलं होतं. यासीन राहायचा त्या सहा जणांच्या खोलीत त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. "अभ्यास कसला," नावेद म्हणाला, "घरी पाठवायच्या लोकांची यादी आहे ती."

त्या खोलीत एकाने दुसऱ्यासाठी जाणं नेहमीचं होतं. याचं कार्ड घेऊन तो पार्सल आणायचा, त्याची शुक्रवारची ड्यूटी हा करायचा. नावेद त्रेपन्नचा, एसी फिटर. तेच कपाळ, तीच दाढी, आणि कार्डावरचा फोटो सात वर्षांपूर्वीचा.

"माझं काळीज बैलाचं आहे भाई. तुझ्या नावावर पास होऊन येतो. बिर्याणी तयार ठेव."

शनिवारी बिर्याणी झालीही होती.

यासीनने नावेदला फोन लावला. रिंग वाजत राहिली. चार वेळा. नावेद सीफ भागातल्या एका टॉवरवर कामाला होता. तिथली सामानाची लिफ्ट बंद आहे, अकरा मजले पायी, अशी कुरकूर त्याने सकाळीच केली होती. मग यासीनला दुसरी गोष्ट आठवली. गेल्या महिनाभरात नावेद खोलीच्या जिन्यावर तीनदा मध्येच बसला होता. विचारलं तर म्हणाला, बुटाची लेस बांधतोय. जिन्यावर काळोख असतो, कोणी खाली वाकून पाहिलं नाही. नावेद चपला घालतो.

यासीनने स्वप्नालीला फोन लावला.

"ताई, ती झडप माझी नाही."

"म्हणजे?"

त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

"तो आत्ता कुठे आहे?"

"सीफला. अकरा मजले चढतोय बहुतेक."

"तिथल्या कोणाला तरी फोन करा. असेल तिथे बसवा, चालत खाली आणू नका. पडला तर लगेच अँब्युलन्सला फोन, नऊशे नव्व्याण्णव. पत्ता मला पाठवा, मी गाडीची व्यवस्था बघते. आणि यासीनभाई, स्टेथोस्कोपखाली तुम्हीच होतात ना? तो आवाज तुमचा आहे. त्याची तपासणी अजून झालेली नाही. ट्रकची चावी काढा."

त्याने चावी काढली आणि साइटचा फोरमन कैलासला फोन लावला.

"नावेद? आत्ताच गेला की वर," कैलास म्हणाला. "खांद्यावर एसीचं युनिट घेऊन. म्हटलं दोघं जावा, तर म्हणतो यल्ला, चल, दोघं कशाला."

"थांबव त्याला. त्याचं हृदय... पळ कैलास, फोन ठेवू नको."

फोनमधून बुटांचे आवाज येऊ लागले. यासीनने फोन कानाशी घट्ट दाबला. कैलास धापा टाकत मजले मोजत होता. तिसरा. चौथा. मध्येच हाक मारत होता, "नावेदभाई!" उत्तर येत नव्हतं. सहावा. मग बुटांचा आवाज थांबला.

"युनिट पडलंय इथं," कैलास म्हणाला.

"आणि तो?"

काहीतरी घासल्याचा आवाज.

"कैलास!"

"बसलाय. भिंतीला टेकून. पांढराफटक पडलाय, घामाने भिजलाय."

"बोलतोय का?"

फोन हातातून हातात गेला. मोठा श्वास, त्यानंतर आणखी एक.

"काय रे भाई," नावेदचा आवाज आला, "लेस बांधतोय."

दुपारी दोन वाजता संशोधन केंद्रात नावेद व्हीलचेअरवर होता, छातीला तारा लावलेल्या. त्याची इको त्याच्या स्वतःच्या नावावर पुन्हा झाली होती. आकडा तोच. डॉक्टरांनी झडप बदलायचं सांगितलं होतं, याच आठवड्यात.

यासीन शेजारी उभा होता. हातात तीन आठवड्यांपूर्वीची चिठ्ठी, घामाने मऊ झालेली.

"जा आता," नावेद म्हणाला. "तुझ्यासाठी परत नाही झोपणार मी."

आत स्वप्नालीने कार्ड घेतलं. आधी फोटो पाहिला, मग चेहरा, मग पुन्हा फोटो.

"शर्ट काढा," ती म्हणाली.

यासीनला वरचं बटण सापडेना.