खंडेनवमीचं पोकलेन

कापूर विझेपर्यंत पोकलेनची मान खाली गेली होती.

"नमस्कार केल्यागत वाकलं की हो हे," आरतीचं ताट मागे ओढत उमाबाई म्हणाल्या. एरवी अशा बोलण्यावर ओट्यावरची पोरं खिदळली असती. आज कुणी हसलं नाही. सगळी कल्याणप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली.

पोकलेन प्लास्टिकचं होतं, वीतभर उंचीचं. खंडेनवमीला मुरूम गावात ज्याच्या घरी जे हत्यार असेल त्याची पूजा होते. कल्याणप्पांचं उभं आयुष्य पोकलेन चालवण्यात गेलं, त्यामुळे दर नवमीला त्यांच्या दारात खरं मशीन उभं असायचं. त्याला झेंडूचा हार, चेनपुढे नारळ, आणि टाचा उंचावून त्यांची बायको उमाबाई बूमखाली, मशीनच्या लांब हाताखाली, कापूर ओवाळायच्या. यंदा मणक्यानं दगा दिला. डॉक्टरांनी मशीनवर बसायचं नाही म्हणून बजावलं आणि मशीन दुसऱ्याच्या हाती गेलं. म्हणून उमाबाईंनी पाटावर विळा आणि शिलाई मशीनच्या शेजारी हे छोटं पोकलेन मांडलं. वर झेंडूचं एकच फूल ठेवलं, त्यात निम्मं पोकलेन झाकलं गेलं. मग सवयीनं ताट बूमखाली धरलं आणि डोळे मिटून सगळी आरती म्हटली. लोखंडाला कापराची आच लागत नाही. प्लास्टिकला लागते.

काम सुटलं तेव्हा मालकानं शालीबरोबर हैदराबादहून आणलेला एक खोका दिला होता. वर पोकलेनचं चित्र होतं, पण आत तयार मशीन नव्हतंच. नुसत्या चौकटी होत्या आणि त्यांना चिंचेच्या आकड्यांसारखे बारीक बारीक भाग लटकलेले. पोरांचा खेळ समजून कल्याणप्पांनी तो फडताळावर टाकला. घरी बसून दिवस सरेनात, तेव्हा एका दुपारी उघडला. दोन-चार दिवसांत गल्लीतली पोरं भोवती जमली.

कल्याणप्पांनी त्यांना शिकवलं. भाग पिळून तोडायचा नाही, कापायचा. कापल्यावर जो कोंब राहतो तो पॉलिश पेपरनं घासायचा. आधी कोरडंच लावून बघायचं, नीट बसतंय अशी खात्री झाली की मगच सुईच्या टोकानं डिंक लावायचा. कुणी घाई केली की ते एवढंच म्हणायचे, "निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. पोरांनी त्यांचं नावच निधान अज्जा ठेवलं. चेनची एकेक कडी एकेकानं चिकटवली. एकानं कडीबरोबर स्वतःचं बोटही चिकटवलं आणि ते सुटेपर्यंत दोन्ही घरं गोळा झाली.

पिवळा रंग वाळला तेव्हा पोरं खूश झाली. कल्याणप्पा खूश नव्हते. "शोरूममधलं दिसतंय. काम केलेलं दिसाय पाहिजे," ते म्हणाले. मग रानातली काळी माती फडक्यानं चाळून रंगात कालवली आणि चेनला फासली. बकेटच्या दातांवर शिसपेन्सिल घासली. चढताना पाय पडतो त्या पायरीवरचा रंग नखानं उडवला. कोऱ्या चहाच्या थेंबांनी बूमवर तेलाचे ओघळ काढले. पोरांना कळलं की मळवायलाही सफाई लागते.

त्यांची मुलगी शिवरंजनी मात्र या बैठकीत कधी बसली नाही. बारावीनंतर तिनं आपल्या मनानं पुण्याकडच्या एका केंद्रात पोकलेन चालवायच्या प्रशिक्षणासाठी नाव दिलं होतं. निवड झाली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. कल्याणप्पा नाही म्हणाले आणि त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी उमाबाईंच्या मार्फत बोलत होते. एकाच ताटलीतली चटणी घेताना कल्याणप्पा म्हणायचे, "हिला सांग, भाकरी घे म्हणावं." शिवरंजनी म्हणायची, "अव्वा, अप्पांना सांग, भूक न्हाय." उमाबाई दोन्हीकडे बघायच्या आणि स्वतः जेवायच्या.

पोरांना प्रसाद देऊन कल्याणप्पांनी घरी पाठवलं. पोकलेन मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं बूम वर दाबू लागले. प्लास्टिक कर्र वाजलं.

"जोर लावू नका, अप्पा. तुटंल."

शिवरंजनी चुलीपाशी गेली. भगुल्यात पाणी तापवून आणलं, शेजारी गार पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांच्या हातातून पोकलेन अलगद काढून घेतलं आणि फक्त बूम तेवढी गरम पाण्यात धरली. थोडा वेळ गेला. मग बाहेर काढून दोन बोटांत तिनं ती किंचित सरळ केली आणि लगेच गार पाण्यात बुडवली. काही झाल्यासारखं दिसलं नाही. तिनं पुन्हा गरम पाण्यात धरली.

उमाबाई दारातून म्हणाल्या की एकदाच नीट वाकव की. तिनं मान हलवली.

कल्याणप्पा तिच्या बोटांकडे बघत होते. त्यांनी कितीतरी माणसांना मशीन शिकवलं होतं. नवा माणूस लिव्हर ओढतच राहतो. बकेट धाडकन आपटते, तेव्हा त्याला कळतं की ओढणं फार झालं. शिवरंजनीची बोटं बूम सरळ होण्याच्या जरा आधी थांबत होती. उरलेलं काम ती पाण्यावर सोडत होती. हे तोंडानं सांगून येत नाही. त्यांना स्वतःला यायला बरीच वर्षं लागली होती.

बूम सरळ झाली. आच लागलेल्या जागी एक सुरकुती तेवढी राहिली.

"हिला सांग," कल्याणप्पा बोलू लागले.

"समोर बसलीय की तुमच्या. माझं तोंड दुखायलंय," उमाबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

कल्याणप्पांनी बूमवरच्या सुरकुतीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्या मशीननं माझी पाठ खाल्ली, शिवू. तुझी बी खाईल."

"मशीननं न्हाय खाल्ली," शिवरंजनी म्हणाली. "सीट मोडली तवा तुम्ही पोतं टाकून बसलात. मालकाला बोलला न्हाईत. मी लहान हुते, पर दिसत हुतं मला."

"आन् तुला न्हाय दिली सीट, तर?"

"तर न्हाय बसणार."

कल्याणप्पांना हसू आलं. इतकं साधं उत्तर त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. मग ते गंभीर झाले. साईटवर बाई माणसाला आडोसा नसतो, सगळे गडी असतात, हे त्यांनी सांगितलं. तिनं तेही ऐकून घेतलं. तिच्याबरोबर आणखी चार मुली आहेत, असं ती म्हणाली. आडोसा मागून घेऊ, आणि मागायला लाज वाटणार नाही, असंही म्हणाली. भीती वाटत नाही, असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही. कल्याणप्पांना ते बरं वाटलं. न भिणाऱ्या माणसाला त्यांनी कधी मशीन दिलं नव्हतं.

"सोमवारी जायचं तर आधी एकदा बसून बघ," ते म्हणाले. "शिवशंकरला फोन करतो."

शिवशंकर त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता त्यांचं मशीन चालवत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो एका वीटभट्टीवर मातीचे ढीग रचत होता. मशीन बंद करून तो खाली उतरला, कल्याणप्पांच्या पाया पडला आणि शिवरंजनीला म्हणाला, "या ताई, सीट गरम करून ठेवलीय." ती वर चढली. तो केबिनच्या दारात, चेनच्या पट्ट्यावर उभा राहिला.

कल्याणप्पाही सवयीनं पायरीपर्यंत गेले होते. तिथून ते मागे फिरले आणि ढिगाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. खालून खूण करणारा माणूस जिथे उभा राहतो, ती जागा.

पहिल्या वेळी बकेट ढिगावरून नुसतीच सरकली. दुसऱ्या वेळी भरली आणि वळताना निम्मी सांडली. शिवशंकर काहीतरी सांगत होता, पण शिवरंजनी काचेतून खाली बापाकडे बघत होती. कल्याणप्पांनी तळहात जमिनीकडे करून हळूहळू खाली नेला. बकेट खाली आली. त्यांनी मूठ मिटली. बकेट थांबली. वाऱ्यानं मातीचा लोट त्यांच्यावर आला, इस्त्रीचा सदरा विटकरी झाला. शिवशंकरनं वरून ओरडून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते सरकले, पण तिला दिसतील इतकेच.

भरलेली बकेट आकाशात चढत गेली, तसे ते वर बघत राहिले. थोड्या वेळानं मान अवघडली. खाली उभ्या राहणाऱ्या माणसाची मान इतकी दुखते, हे वर बसून त्यांना कधी कळलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर आपटून माती झटकली, पुन्हा डोक्यावर नीट बसवली आणि पुढच्या खुणेसाठी हात वर केला.