आपलं शेवटी

लसीकरण केंद्राचं दार लोटून घेतलं तेव्हा सिस्टरने खुर्चीतच पाय लांब केले आणि डोळे मिटले. दिवसभरात तिने एकच वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते झोपेतही तोंडून निघालं असतं. "घरात म्हातारं माणूस आहे ना? मग आधी तुम्ही घ्या."

फ्लूची लस होती. यंदा साठा उशिरा आणि कमी आला होता, तापाची साथ मात्र दरवर्षीपेक्षा आधीच हजर झाली होती. लोकांना वाटायचं, आईला टोचलं, सासऱ्यांना टोचलं की आपण सुटलो. सिस्टर त्यांना समजावायची, की म्हाताऱ्या शरीराला लस दिली तरी ते अर्धवटच शिकतं. आजोबांना शाळेतले मास्तर आठवतात आणि सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, तसंच त्यांच्या रक्ताचंही असतं. लहानपणी पहिल्यांदा गाठ पडलेला फ्लू त्याला पक्का आठवतो. यंदाचा, नवा वेश करून आलेला, काही केल्या डोक्यात शिरत नाही. तेव्हा म्हाताऱ्यांना राखायचं असेल तर भोवतालच्यांनी टोचून घ्यायचं. लोक मान डोलवायचे आणि बाही वर करायचे. सिस्टरचं सांगणं सगळ्यांना पटायचं.

सिस्टरने स्वतः मात्र अजून घेतली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

यात लबाडी नव्हती आणि सुईची भीती तर मुळीच नव्हती. त्या केंद्राची एक रीत होती. कुपी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून टोचणाऱ्यांनी आपला डोस भरल्या कुपीतून कधी काढायचा नाही. संध्याकाळी तळाशी राहील तो आपला. "आपलं शेवटी," असं सगळे म्हणायचे, आणि म्हणताना प्रत्येकाला आपण जरा बरी माणसं आहोत असं वाटायचं. वरच्यांनी बजावलं होतं, की कर्मचाऱ्यांनी आधी घ्या. पण समोर रांग उभी असताना सुई स्वतःच्या दंडात कोण खुपसणार?

साठा भरपूर असायचा तेव्हा ही रीत निभून जायची. यंदा तळाशी काही राहतच नव्हतं. एकदा राहिलं ते सिस्टरने झाडलोट करणाऱ्या मावशींना दिलं, कारण त्यांच्या घरी तान्ही नात होती. पुन्हा एकदा राहिलं ते लशीचा फ्रिज सांभाळणाऱ्याला. त्याला सगळे बर्फ्या म्हणायचे. तो नको नको म्हणत होता, तर सिस्टरने त्याला दटावून बसवलं होतं.

"आता तुमचा नंबर हं ताई," बर्फ्या रोज आठवण करायचा.

"हो रे बाबा, घेते. मी कुठे पळून जातेय?"

घरी बाबा होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि उरली ही बापलेक. बाबांचा जन्म लोकांना देवी टोचण्यात गेला होता. दोन टोकांची सुई घेऊन ते वस्त्यावस्त्यांतून हिंडायचे. त्यांना बघून पोरं "टोच्या आला!" म्हणून ओरडत खाटेखाली लपायची. पुढे देवीचा रोग जगातूनच गेला, बाबांचं काम संपलं, पण टोच्या हे नाव राहिलं. थकले होते, दम लागायचा, जिना उतरणं कधीच बंद झालं होतं. जीभ तेवढी शाबूत होती.

सिस्टरने त्यांना स्वतःच्या हाताने फ्लूची लस टोचली होती. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी बाही वर करून दिव्याखाली दंड न्याहाळायचे.

"उठली नाही गं पोरी."

"बाबा, ही उठत नाही. किती वेळा सांगू?"

"मग लागली की नाही हे कळतं कसं?"

"कळत नाही. रक्त तपासलं तर कळेल."

"म्हणजे टोचायचं आणि देवावर हवाला टाकायचा. आमच्या वेळी असला कारभार नव्हता."

नव्हताच. देवीच्या लशीत जिवंत विषाणू असायचा, रोगाचा गरीब चुलतभाऊ. तो कातडीत वाढायचा, टोचल्या जागी फोड उठायचा, पिकायचा, खपली धरायचा आणि जन्मभराचा वण ठेवून जायचा. आठवड्याने बाबा पुन्हा त्याच दारात उभे राहायचे आणि फोड बघायचे. उठला असेल तर पुढे जायचं, नसेल तर परत टोचायचं. आया खोटं बोलायच्या, पोरांचे दंड पदराआड करायच्या. बाबा पदर बाजूला सारून बघायचे. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी कधी एक दंड सोडला नव्हता.

त्या संध्याकाळी स्वतःचा दंड बघून झाल्यावर ते म्हणाले, "आता तुझा बघू."

"माझ्या दंडावर काय बघणार तुम्ही?"

"घेतलीस ना?"

"घेतली. आजच." ती इतकी दमली होती, की खरं सांगून पुढचं भांडण ओढवून घ्यायचं त्राण तिच्यात नव्हतं.

बाबांनी अंगठ्याने तिचा दंड चांगला दाबला. "दुखतंय?"

"नाही हो."

तिथेच चुकलं. शब्द तोंडातून गेल्यावर तिच्याही ते ध्यानात आलं. बाबा अंगठा काढून तिच्याकडे बघत राहिले.

"मला दोन दिवस या कुशीवर झोपता येत नव्हतं. आणि तुला आज टोचलेलं दुखत नाही?"

"बाबा..."

"मला थापा मारतेस? टोच्याला?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खोकल्यात अडकला. पाणी पिऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "माझ्यासाठी म्हणत नाही मी. माझं काय, पिकलं पान. तू दिवसभर तापवाल्यांच्या तोंडासमोर बसतेस. उद्या सकाळी पहिल्या कुपीतली पहिली घ्यायची. कबूल?"

"कबूल."

आणि ती खरंच घेणार होती. सकाळी तिने पहिली कुपी उघडली, सिरिंज भरली, बाही सरकवली. तेवढ्यात दार उघडून रांग आत आली, आणि सगळ्यात पुढे एक दिवस भरत आलेली बाई कमरेवर हात टेकून उभी होती. भरलेली सिरिंज तिच्याच दंडात गेली. पुढचं मग नेहमीसारखं झालं. एकामागून एक दंड येत राहिले. जेवणाचा डबा अर्धाच खाऊन झाला.

संध्याकाळी मात्र तळाशी एक डोस राहिला. बर्फ्याने तो स्वतः भरला आणि सिरिंज उंच धरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बसा. आज ऐकून घेणार नाही मी."

ती बसली. तिने बाही वर केली. बरं वाटलं तिला, खरंच सांगायचं तर फार बरं वाटलं. तेवढ्यात बंद दारावर कुणीतरी थाप मारली.

बसचा ड्रायव्हर होता. अंगावर अजून कामाचा गणवेश होता आणि धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. "सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात. बायकोची कॅन्सरची औषधं चालू आहेत, तिच्या अंगी लस लागायची नाही, तर निदान तुम्ही घ्या. आज कुठे कामावरून लवकर सुटता आलं. आहे का हो?"

बर्फ्या म्हणाला, "संपली."

सिस्टरने बाही खाली केली. "आहे एक. या, बसा."

ड्रायव्हर गेल्यावर बर्फ्याने रिकामी कुपी डब्यात टाकली. मग फ्रिजला कुलूप घालता घालता तो म्हणाला, "तुमच्या घरी कोणी नाही वाटतं म्हातारं?" तिला त्याचा राग आला आणि ती पिशवी उचलून निघाली.

घरी आली तेव्हा बाबांनी आधीच पानं मांडून ठेवली होती. खिचडी त्यांनीच केली होती, जरा करपलेली.

"घेतली?"

"घेतली."

"आण इकडे दंड."

या वेळी ती तयार होती. बाबांचं बोट टेकताच ती कळवळली, "आई गं! हळू ना बाबा." बाबांनी बोट उचललं. क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "शाबास. बस आता जेवायला." ती जेवली आणि ताटावरच पेंगली.

पुढच्या आठवड्यात नवा साठा आला आणि तिने अखेर लस घेतली. पण लस म्हणजे काही छत्री नव्हे, उघडली की झालं. शरीराला ती शिकायला दोन आठवडे लागतात, हेही ती रोज लोकांना सांगायची. तिला तेवढे मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी काम करता करता तिला हुडहुडी भरली, आणि ताप मोजायच्या आधीच तिला कळलं. दुसऱ्या खोलीत वेगळं राहायचं, तोंड झाकायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, सगळं तिने केलं. पण देवीचा रोगी फोडांसकट सगळ्यांना दिसायचा, लोक त्याच्यापासून लांब व्हायचे. फ्लू तसा नाही. तो ताप चढायच्या आदल्या दिवशीच समोरच्याला लागून मोकळा होतो, आणि आदल्या दिवशी तिने बाबांचे केस कापले होते, अगदी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन.

तिचा ताप लवकर उतरला. बाबांचा चढतच गेला. दम कोंडला, ओठ निळसर दिसायला लागले आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. पहिले दोन दिवस ती त्यांच्या छातीच्या भात्याकडे बघत नुसती बसून होती. हजारांना शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या बापाला आजार घरपोच दिला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. कुणाला सांगणार? केंद्रातून फोन यायचे, ते तिने घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तरुण डॉक्टरीण आली. छाती तपासून म्हणाली, "कालच्यापेक्षा बरं आहे. ऑक्सिजन थोडा कमी करून बघू." मग सिस्टरकडे वळून तिने विचारलं, "तुम्हीही आजारी होतात म्हणे. घरात ताप आधी कुणाला आला?"

सिस्टरने तोंड उघडलं. तिच्या आधी बाबांनी नाकावरचा मास्क बाजूला ओढला.

"मला," ते म्हणाले. "आधी मला आला. माझा हिला लागला."

"आजोबा, कुठे गेला होतात गर्दीत?"

"बाजारात गेलो होतो. हिने नको म्हटलं होतं. ऐकलं नाही."

महिनोन् महिने जिना न उतरलेला माणूस मान खाली घालून बोलणी खात होता. या वयात असा हट्ट करतात का, तुमच्यामुळे मुलगी आजारी पडली, तिला काही झालं असतं तर, असं डॉक्टरीण बरंच काही बोलली. बाबा प्रत्येक वाक्याला "चुकलं" म्हणत राहिले. ती पुढच्या खाटेकडे गेल्यावर सिस्टरने मास्क पुन्हा नीट लावला.

"बाबा, मी त्या दिवशी घेतली नव्हती. खोटं बोलले मी."

"माहीत आहे मला." मास्कमधून आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "मी दाबलंच नव्हतं. बोट नुसतं ठेवलं होतं. तू आधीच ओरडलीस."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

बाबांनी दोन-तीन श्वास घेतले.

"उभ्या उभ्या डोळे मिटत होते तुझे. म्हटलं, बोललो तर जेवायची नाही. जेवू दे आधी हिला."