रिड्लींच्या नावाखाली

आयर्लंडमधल्या क्लूनरो गावात डेव्हेन घराण्याकडे आता तीनच गोष्टी उरल्या होत्या. चार खोल्यांचं दगडी घर, गुरांपुरतं कुरण आणि रिड्ली लोकांवरचा राग. पहिल्या दोहोंची डागडुजी राहून जायची. रागाची कधी राहिली नाही.

एके काळी टेकडीपासून नदीपर्यंतची सगळी जमीन डेव्हेनांची होती. मग कॅथलिकांना जमीन धरू न देण्याचे कायदे आले. एखाद्या प्रॉटेस्टंटाने कोर्टात जाऊन सांगायचं, अमक्या कॅथलिकाने कायदा चुकवून जमीन धरलीय, की ती जमीन सांगणाऱ्याच्याच पदरात पडायची. शेजारच्या रिचर्ड रिड्लीने तेच केलं. जमिनीचा मालक एमन डेव्हेन याने भरल्या जत्रेत त्याच्या डोक्यात काठी घातली, सगळ्या बाजाराने रक्त पाहिलं, आणि थोड्याच दिवसांत जमीन रिड्लीची झाली. त्या दाव्याची नक्कल आजही डेव्हेनांच्या चुलीवरच्या भिंतीला, देवाच्या तसबिरीशेजारी चौकटीत टांगलेली होती. दोनशे वर्षांत एकही डेव्हेन रिड्लींच्या मयताला गेला नव्हता. या मुलखात हाडवैरीसुद्धा मयताला जाऊन, चहा पिऊन, मेलेल्याबद्दल दोन बरे शब्द बोलून येतो. त्यामुळे याहून मोठा अपमान कुणाला ठाऊक नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो असा.

आणि अशा घरातल्या डिम्प्नाने प्रेमात पडावं ते नेमकं गिल्बर्ट रिड्लीच्या. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्माची अडचण होती, पण गिल्बर्ट म्हणाला होता, मी कॅथलिक होईन, तुमच्या फादरना सांग पाणी शिंपडायला. अडलं ते जमिनीपाशी. "आम्ही चोरली नाही गं," तो तिला नदीकाठी म्हणाला होता. "माझी आजी शपथेवर सांगायची. आम्ही विकत घेतलीय." डिम्प्ना त्या वेळी बावीस वर्षांची, बापाची लाडकी आणि त्याच्याइतकीच ताठ. ती म्हणाली, "मग कागद दाखव." कागद त्याच्याकडे नव्हता. तो पुन्हा आला नाही, तिनेही बोलावलं नाही. दोघांनीही लग्न केलं नाही. एकाच रस्त्यावर राहून ते चाळीस वर्षं एकमेकांना नुसती मान हलवत राहिले.

बाप गेल्यावर डिम्प्नाने जुने दस्त शोधायला घेतले. गावाला वाटलं, म्हातारी रिड्लींना कोर्टात खेचणार. ती कुणाचा गैरसमज दूर करायला गेली नाही. ती चोरी शाबित करायला निघाली नव्हती. चोरी झालीच नव्हती असं कुठे तरी लिहिलेलं सापडावं, एवढीच तिची आस होती, आणि ही आस डेव्हेनांच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

कोर्टाचं दप्तर १९२२ सालच्या यादवी युद्धात जळून गेलं होतं. जमिनीचे व्यवहार नोंदवायची डब्लिनची कचेरी मात्र वाचली होती. तिथे थडग्याच्या दगडाएवढे ग्रंथ आपले आपणच फळीवरून उतरवायचे आणि उभ्याने वाचायचे. सूची असायची ती जमीन देणाऱ्याच्या नावाची. घेणाऱ्याच्या नावावरून शोधायची सोय नव्हती. डिम्प्ना वर्षानुवर्षं महिन्यातून एकदा ॲथेनराय स्टेशनावरून आगगाडी धरायची आणि डेव्हेन नाव शोधायची. दाव्याच्या सालापर्यंत यायची आणि ग्रंथ मिटायची. पुढे बघायचं कशाला? पुढे डेव्हेनांकडे द्यायला होतंच काय?

या वसंतात रिड्लींच्या फाटकावर विक्रीची पाटी लागली. गिल्बर्ट कॅनडात पुतणीकडे कायमचा निघाला होता, शुक्रवारी.

"चला, सुटलो," डिम्प्नाचा भाऊ फेस्टस म्हणाला. तोही बिनलग्नाचा, बहिणीच्या हातची भाकरी खाऊन तिच्यावरच डाफरणारा. "शेवटचा रिड्ली चालला. आता तरी घरी बसशील?"

"उद्या डब्लिनला जातेय."

"पुन्हा? अगं, वरातीमागून घोडं किती दिवस नाचवणार?"

"घोडं माझं आहे, तुला का दम लागतो?" ती म्हणाली आणि त्याचा चहा त्याच्यापुढे आदळला.

कचेरीत ती नेहमीच्या फळीपाशी गेली, पण हात डेव्हेनांच्या ग्रंथाकडे जाईना. शुक्रवारनंतर रिड्ली हे नाव गावात कुठे दिसणार नव्हतं. दुकानाच्या उधारीत नाही, टपालाच्या पिशवीत नाही. तिला ते नाव नुसतं बघावंसं वाटलं, एवढंच. तिने रिड्लींची सूची काढली. कुणा डेव्हेनने हे आजवर केलं नव्हतं. आपल्याला रिड्लींनी काही दिलं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं ना!

देणार रिचर्ड रिड्ली. घेणार डेव्हेन. साल दाव्यानंतर तीस वर्षांचं.

तिने त्या ओळीतला आकडा बघून दस्ताचा ग्रंथ उतरवला आणि ओळींवर बोट ठेवून वाचत गेली. कायदे सैल होताच म्हाताऱ्या रिचर्डने सगळी जमीन एमनच्या मुलाला परत लिहून दिली होती. कारणही दिलं होतं. दुसऱ्या कुणी दावा ठोकण्याआधी माझा मित्र एमन याच्या विनंतीवरून मीच तो ठोकला, जमीन त्याच्यासाठी माझ्या नावावर सांभाळली, आणि तिचं उत्पन्न दर सुगीला त्याच्या घरी पोचवलं. त्या काळात अशी मैत्री पुष्कळ प्रॉटेस्टंटांनी निभावली होती, हे डिम्प्नाने ऐकलं होतं. आपल्याच घरात ती असेल, हे मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. म्हणजे जत्रेतली काठीसुद्धा ठरवून मारलेली! सरकारला खरी वाटावी म्हणून मारली आणि नातवंडांनाही खरी वाटली.

मग तिने डेव्हेनांचा ग्रंथ काढला आणि पहिल्यांदाच दाव्याच्या पुढची पानं उलटली. एमनच्या मुलाने परत मिळालेली जमीन आठ वर्षांत सावकाराकडे गहाण टाकली होती. तो शर्यतीच्या घोड्यांचा शौकीन होता, हे घरात कौतुकाने सांगत. शेवटी कोर्टाने लिलाव केला आणि रिड्लीच्या मुलाने रोख पैसे मोजून जमीन घेतली. स्वतःच्या पोरांना "मी घोड्यांवर उडवली" म्हणण्यापेक्षा "रिड्लीने लुबाडली" म्हणणं त्या गृहस्थाला सोपं गेलं असणार. डिम्प्ना तिथेच खाली बसली. तिला हसू आलं, आणि मग रडू आलं ते थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरून घेतलेली नक्कल घेऊन रिड्लींच्या फाटकातून आत गेली. रस्त्यावर सायकलवरून चाललेली टपालवाली बाई ते बघून पडता पडता वाचली.

गिल्बर्टने दार उघडलं. मागे खोकी रचलेली होती. तो वाकला होता, पण डोळे तेच होते.

"डिम्प्ना? कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं. डेव्हेन दारात, म्हणजे दुसरं काय असणार!

"कुणी नाही. आत येऊ का?"

खुर्च्या बांधून झाल्या होत्या. ते दोघं खोक्यांवर बसले. तिने सगळं सांगितलं, काठीपासून घोड्यांपर्यंत, आणि नक्कल त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा लावून ती सावकाश वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"आजी खरं सांगत होती," तो म्हणाला.

"तूही खरं सांगत होतास."

"हो. मी नदीकाठी सांगितलं होतं."

"आणि मी कागद मागितला." "गिल, मी कोर्टासारखी वागले रे तुझ्याशी. तुझं तोंड बघून कळत होतं मला. त्या दिवशीसुद्धा कळत होतं."

"मला वाटायचं," तो म्हणाला, "आपण तुटलो ते निदान एका मोठ्या कारणासाठी. शेकडो एकर, दोनशे वर्षं. ते मनाशी धरून जगता येत होतं. आता तू म्हणतेस, कारणच नव्हतं. ही बातमी चांगली आहे का गं?"

कागद मिळाला की बाकीचं आपोआप होईल, असं तिला सगळी वर्षं वाटत आलं होतं. कागद मिळाला होता, तिच्या मांडीवर पडला होता, आणि काहीच होत नव्हतं. जे बोलायचं ते तिलाच बोलायचं होतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"घर विकलं."

"मी घर मागत नाहीये. जमीन मागत नाहीये. तुला मागतेय."

गिल्बर्टने चष्मा काढला. जुना मिश्किलपणा त्याच्या ओठांवर क्षणभर आला, पण डोळ्यांत पाणी होतं.

"तू म्हणतेस ते खरं, याला पुरावा?"

"काही नाही. नुसतं मी म्हणते म्हणून."

"मला तेवढं पुरतं," तो म्हणाला. "तेव्हाही पुरलं असतं."

बाहेर खोकी न्यायला आलेल्या माणसांची गाडी थांबली. त्यांनी दार वाजवलं, थोडं थांबून पुन्हा वाजवलं. आत दोघंही ऐकत होते, आणि उठायला कुणीच तयार नव्हतं.