सात नंबरची उर्वी

परीक्षा म्हटलं की सुलेखाच्या अंगात येतं. दहावीला तिच्या आईने तिचं जे केलं, तेच ती लेकीचं करते: खाणं सांभाळ, झोप सांभाळ, तेल लाव. त्यामुळे स्विमिंगच्या कोचबाई म्हणाल्या, "शनिवारी उर्वीची क्लासिफिकेशनची टेस्ट आहे, तोवर रोजच्यासारखंच चालू द्या," तेव्हा सुलेखाबाईंनी 'टेस्ट' एवढाच शब्द धरला आणि बाकीचं कानाआड केलं.

उर्वी सोळा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय ताठ, चालायला कुबड्या. पाण्यात मात्र पोरगी सुसाट. पॅरा-स्विमिंगमध्ये शर्यतीआधी प्रत्येकाचा नंबर ठरतो. शरीर जितकं कमी साथ देतं, तितका नंबर लहान, आणि पोहायचं ते आपल्या नंबरवाल्यांशीच. वाढत्या मुलांची तपासणी मधूनमधून पुन्हा होते. उर्वी आजवर सातात होती. सातात तिचा टायमिंग नॅशनल्सला जायला पुरत होता. आठात जवळपाससुद्धा पोचत नव्हता.

हे सगळं सुलेखाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि टेस्टच्या आदल्या आठवड्यात आईपण आवरणं वेगळं. तिने प्रॅक्टिस कॅन्सल केली. सकाळ-संध्याकाळ तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्या चोळल्या, घोटे ताणले. ऑफिसच्या मीटिंगलासुद्धा कॅमेरा बंद, मांडीवर लेकीचा पाय. रात्री तिचीच बोटं वळेनाशी व्हायची.

शनिवारी ओहायोतल्या डब्लिनहून इंडियानापोलिसपर्यंत तिनेच ड्राइव्ह केलं. तपासणाऱ्या बाईंनी उर्वीचा घोटा हळूच वाकवला आणि तो वाकला. इतका तो कधी वाकला नव्हता. उर्वीने आईकडे पाहिलं. सुलेखाने मान हलवली, दाखव म्हणून. मग पाण्यातली चाचणी झाली, तिथेही पोरीने जीव ओतला. सुलेखाला वाटलं, चला, पेपर सोपा गेला.

निकाल आला तो आठ नंबरचा.

उर्वी रडली नाही, ते जास्त वाईट होतं. टॉवेल डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. सुलेखाने घरी नवऱ्याला फोन लावला.

"प्रॅक्टिस कॅन्सल करायला तुला कोणी सांगितलं होतं?" गिरीश म्हणाला. "जरा थकलेली नेली असतीस तर सातातच राहिली असती."

"म्हणजे तिचे पाय वाईट दिसायला हवे होते?"

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

तिने फोन कापला. तिला पुढे भांडायचं त्राण नव्हतं. आपल्याच हातांनी आपण पोरीचं वाटोळं केलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दुसऱ्या गाडीने आलेल्या कोचबाई शेजारी येऊन बसल्या. सुलेखाने इंग्रजीत सगळं कबूल केलं, तेल, घोटे, बुडवलेली प्रॅक्टिस. बाईंनी ऐकून घेतलं.

"आठवडाभराच्या मालिशने नंबर बदलत नाही," त्या म्हणाल्या. "हे पाय कित्येक वर्षांत सुधारलेत. रोज कोण करत होतं?"

सुलेखाच करत होती. उर्वी तान्ही असल्यापासून प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, फार आशा ठेवू नका. ती आशाबिशा काही ठेवत नव्हती, नुसतं चोळत होती, कंटाळा आला तरी, ताप असला तरी. पाय सुधारले असं आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं, आणि नेमकं आजच म्हणालं होतं. तिला त्या बाईंच्या गळ्यात पडावंसंही वाटलं आणि त्यांना ढकलून द्यावंसंही.

पार्किंगमध्ये उर्वी मागच्या सीटवर बसली. सुलेखाने कुबड्या डिकीत टाकल्या, पण स्टिअरिंगपाशी गेली नाही. ती मागेच लेकीशेजारी बसली. 

"आई."

"हं."

"आय होप्ड दे वुड से सेव्हन." आपल्या घोट्याकडे बघताना उर्वीचा आवाज आता फुटला. "अँड माय अँकल जस्ट बेंट."

"माझं चुकलं गं. आता नाही चोळणार मी."

उर्वीने नाक पुसलं. मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"दुखतोय," ती मराठीत म्हणाली. "तेल आणलंयस ना?"

सुलेखाने पर्समधून बाटली काढली.