न दाबता घेतलेला गड्डा

पुतणीला न्यायला ख्रेमोनकाका मेगाराहून गाढव घेऊनच आला. अर्खिप्पेचे वडील गेल्यापासून तोच तिचा पालक होता. एजिनाच्या एका जहाजवाल्याच्या मुलाशी त्याने तिचं लग्न परस्पर ठरवलं होतं, म्हणजे अथेन्सबाहेरच्या या बागेतलं तिचं शिक्षण त्याच्या लेखी संपलं होतं.

"बायकांना वाद घालायला शिकवावं लागतं होय?" त्याने गुरू युफ्रानोरला टोमणा मारला. "त्या पाळण्यातच शिकून येतात!"

"मग बसा की उत्तरं द्यायला," म्हातारा म्हणाला. "हे लग्न पुतणीच्या भल्याचं, हे तुमचं म्हणणं. ती विचारेल. तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणायचं, पण मनातलं खरं तेच. या भोकाच्या मडक्यातलं पाणी संपेपर्यंत स्वतःच्याच बोलण्यात अडकला नाहीत, तर खुशाल घेऊन जा."

काका ऐटीत बाकावर बसला. लसणाच्या बाजारात त्याच्या जिभेला सगळे टरकून असत, तिथे या पोरीची काय कथा!

अर्खिप्पेला गुरूंनी घोटून घेतलेला एकही प्रश्न आठवेना. काकाच्या बोटांना मात्र नेहमीचा लसणाचा वास येत होता. तिने तिथूनच सुरुवात केली.

"काका, गड्डा न दाबता तुम्ही लसूण घेता?"

"छे! नाही."

"वरून छान दिसणारा गड्डा आतून पोचट निघतो?"

"हो, हटकून!"

"विकणाऱ्याच्या शब्दावर न दाबता घेणारा शहाणा?"

"गाढव असतो तो!"

"हो की नाही, काका?"

"नाही, नाही!" भोवती जमलेली गुरूंची शिष्य पोरं खिदळली, काकाही हसला.

"पुतणी लसणापेक्षा मोलाची?"

"हो गं बाई, हे काय विचारणं झालं!"

"नवऱ्यामुलाशी तुम्ही कधी बोललात?"

काकाचं हसू मावळलं. "त्याचा बाप म्हणत होता की..."

"हो की नाही?"

मडकं ठिबकत होतं. हो म्हटलं असतं तर कोण पडताळणार होतं? पण काका तोलात कधी खोटा नव्हता, शब्दातही नाही.

"नाही," तो पुटपुटला.

"म्हणजे न दाबताच घेतलात."

काका लालबुंद होऊन उठला. हात धरून ओढत नेलं असतं तरी कायदा त्याच्याच बाजूने होता.

काकाने मांडीवर थाप मारली. "बापाच्या वरताण निघालीस, कार्टे!" मग तो गुरूकडे वळला. "मी एजिनाला निरोप धाडतो. त्या मुलालाच इथे बोलावतो, याच बाकावर बसवा त्याला. प्रश्न ही पोरगीच विचारेल. हिला पटला तर लग्न, नाही तर हिचं शिक्षण चालू."

अर्खिप्पे आनंदाने ओरडलीच.

"आणि हो," काका मडक्याकडे बोट दाखवत म्हणाला, "त्या दिवशी याच्याहून मोठं आणा. गड्डा नीट दाबून बघायला वेळ लागतो."