मामांच्या दुकानातली दुनळी

मी एक दुनळी बंदूक बोलतेय. बंदुकीचा आवाज म्हटलं की लोक कानांत बोटं घालतात. माझं हे बोलणं मात्र अगदी हळू आवाजातलं आहे.

माझ्या नळ्या एका कारखान्यात तयार झाल्या आणि अक्रोडाचा दस्ता तिथल्याच कुणीतरी घासून बसवला. त्या माणसांचे चेहरे आता आठवत नाहीत. आठवतात ते बागवाले. डोंगरउतारावर त्यांची फळबाग होती. रानडुकरं आली की ते मला घेऊन बाहेर पडत, आभाळाकडे एक बार काढत आणि डुकरं पळाली की स्वतःच दचकल्यासारखे हसत. बाकी दिवस मी कपाटात तेलाच्या वासात पडून असे. सुखाची नोकरी होती माझी.

उतारवयात माझा डावा घोडा कुरकुरायला लागला. मागे ओढला तरी ठरेना. बागवाल्यांनी मला मामांच्या दुकानात आणलं.

मामा बंदुका दुरुस्त करायचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणे, पण खरी भाची एकच. सायकलींच्या कारखान्यातली नोकरी सोडून ती त्यांच्याकडे काम शिकत होती. तिची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, डबा द्यायच्या निमित्ताने येई आणि तोच विषय काढी.

"शस्त्रांच्या कारखान्यात जागा निघाल्यात. बांधलेला पगार, राहायला घर. इथे काय, जन्मभर लोखंडाचा कीस पाडत बसणार?"

"आई, तिथे दिवसभर एकच भाग करायचा. अख्खी बंदूक हातात येतच नाही."

"मग ते बंदुकांचं काम शिकवणारं दोन वर्षांचं विद्यालय आहे ना?"

"फळ्यावर बंदूक काढून दाखवतील तिथे," मामा काम न थांबवता म्हणत. "ताई, तू डबा ठेव आणि घरी जा."

विद्यालयाचं नाव निघालं की भाचीची कानस जराशी थांबे. मामांना ते ऐकू येत नसे. मी त्यांच्या पुढ्यातच पडलेली, मला येई.

घोड्याच्या बुडाशी एक बारीक खाच असते. घोडा मागे ओढला की चापाचं टोक तिच्यात अडकतं आणि कुणी चाप दाबेपर्यंत घोडा तिथेच थांबतो. माझी ती खाच झिजली होती. मामांनी ती कानशीने घासून पुन्हा नीट केली. भाचीने भिंगातून पाहिलं.

"मामा, फार उथळ नाही ना झाली?"

"हाताला बरोबर लागतेय."

"पण किती खोल हवी?"

"किती म्हणजे? घोडा ठरेल इतकी."

तिला अजून बोलायचं होतं. पण शंकेला काही आधार नव्हता, म्हणून तिने भिंग खाली ठेवलं.

मी बागेत परतले. एके दिवशी कुंपणापाशी डुक्कर दिसलं. बागवाल्यांनी मला भरलं, घोडा ओढला आणि फाटक उघडायला म्हणून गोदामाच्या भिंतीला टेकवलं. मी घसरले. दस्ता फरशीवर आपटला आणि घोडा सुटला. चापाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. छर्रे गोदामाच्या छपराच्या पत्र्यातून आरपार गेले. दारात बागवाल्यांची नात उभी होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण तो बार अजून माझ्या अंगात आहे.

बागवाले भांडले नाहीत. मला दुकानात ठेवून एवढंच म्हणाले, "मामा, नात दारात होती."

मामांनी मला खोललं, बराच वेळ भिंग धरून ठेवलं आणि मग ते भाचीच्या हातात दिलं. "तूच बघ. मला कडा पुसट दिसतात. बरेच दिवस झाले त्याला."

"खाच उथळच आहे. मला तेव्हाही वाटलं होतं."

"मग अडवलं का नाहीस?"

"कशाच्या जोरावर अडवणार? तुमचं सगळं हातात आहे, मामा. माझा हात अजून तेवढा तयार नाही. आणि तुमचा हात चुकला, तर ते ओळखायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

मामा उठून खिडकीपाशी गेले. "माझ्याकडेच शिकलीस तर माझ्या चुकांसकट शिकशील. विद्यालयात जा."

"रागावून बोलताय."

"रागावलोय खरा. पण तुझ्यावर नाही."

ती विद्यालय पाहून आली. "सुरुवातीला नुसती कानस चालवायला लावतात, मामा. लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा देतात, तो चौकोनी करायचा."

"मी वेगळं काय सांगत होतो?"

"तेच सांगत होतात. तिथे फक्त नंतर मोजून दाखवावं लागतं."

मामांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

ती गेली. मामांनी घोड्याचापाची कामं घेणं बंद केलं. फक्त दस्ते बनवत राहिले. लाकडाच्या कामात हात दगा देत नाही, असं ते म्हणत. मला मात्र त्यांनी परत दिलं नाही. "हिचं काम बाकी आहे," असं सांगून कुलपात ठेवलं.

दोन वर्षांनी भाची परतली. जुनी खाच पुन्हा घासायच्या भानगडीत ती पडलीच नाही. तिने नवा घोडा घडवला, मोजला, बसवला. मग मी रिकामी आहे याची खात्री करून घोडा ओढला आणि रबरी हातोडीने मला सगळीकडून ठोकलं. घोडा जागचा हलला नाही. मामा हात मागे बांधून बघत होते. शेवटी म्हणाले, "बागवाल्यांना निरोप धाड. तुझ्या नावाने धाड."

बागवाले नातीला घेऊन आले. ती आजोबांच्या पाठीमागेच उभी राहिली. भाचीने कसलीही घाई केली नाही. मला उघडलं, आत काडतूस नाही हे दाखवलं, नळ्या सुट्या केल्या आणि खिडकीकडे धरल्या. "ये, बघ."

मुलगी पुढे आली. तिने एक डोळा मिटला. माझ्या दोन्ही नळ्यांतून तिला बाहेरचं झाड दिसलं, दोन गोल तुकड्यांत.

"नुसता उजेड आहे," ती म्हणाली.

आता मी पुन्हा बागेतल्या कपाटात असते. तुमच्या हाती कधी माझ्यासारखी कुणी आली, तर एवढं करा. आधी तिला उघडा, आणि तिच्यातून उजेड दिसल्याशिवाय दुसरं काही करू नका.