दोन पिवळी कार्डे

मी एक जुने पिवळे कार्ड आहे. माझे कोपरे मऊ पडले आहेत आणि पाठीवर तेलाचा एक डाग आहे. मित्रांनो, नऊ वर्षे मी एका घरात राहिलो, पण मी काय सांगतो ते त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. हे मला कळले, तेव्हा मी हादरलो.

माझा जन्म छापखान्यात झाला, पण मला अर्थ आला तो धानोऱ्याच्या शाळेत. तिथे सिकलसेलची तपासणी होती. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. पाचवीतल्या सोनमच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात टाकला. औषध गढूळ झाले, नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनात; म्हणजे रक्तात दोष होता. मग मोठ्या दवाखान्यात दुसरी तपासणी झाली. त्यात कळले की सोनमला आजार नाही; ती वाहक आहे. आईकडून किंवा बापाकडून त्या आजाराचा एकच वाटा तिला मिळाला होता. वाहक माणूस सहसा आयुष्यभर धडधाकट असतो. त्याला पिवळे कार्ड देतात. ज्याला दोन्हीकडून वाटा मिळतो, त्याला आजार होतो. त्याला लाल कार्ड देतात.

माझ्यावर सोनमचे नाव लिहिले गेले. मला केवढा अभिमान वाटला!

सोनमची आई दिवलीबाई मला पाहून हरखली. "पिवयं भेटनं व माय! पांढरं भेटतं तर काय करतू?"

तिला वाटले, रेशनचेच रंग. पिवळे गरिबाचे, पांढरे श्रीमंताचे. ती मला घेऊन रेशन दुकानात गेली. दुकानदार हसला. "मावशी, यानावर गहू नही भेटत. हाई दवाखानानं शे."

"मंग दवाखानामां फुकट गोया भेटतीन," असे म्हणून तिने मला पत्र्याच्या पेटीत ठेवले. सोनम कधी आजारी पडली नाही. मला कोणी बाहेर काढले नाही. सोनम पुढे बारावी झाली, जाड पुस्तके वाचू लागली. माझ्या दहा ओळी मात्र वाचायच्या राहूनच गेल्या.

यंदा सोनमची सोयरीक जमली. रनाळ्याचे वाहरू आपल्या मुलाला, नवलसिंगला, घेऊन आले. लग्नाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा म्हणून दोन्हीकडचे कागद खाटेवर मांडले. अर्ज भरायला गावच्या आशा कार्यकर्त्या कमलबाई यायच्या होत्या. वाहरूंनी पिशवी उलटी केली आणि माझ्या शेजारी माझ्याच रंगाचे दुसरे कार्ड पडले. त्यावर नवलसिंगचे नाव होते.

"आम्हनंबी पिवयं शे, दिवलीबाई! बरोबरीनं घर भेटनं!"

"कार्डना रंग दखीसन सोयरीक करी ऱ्हायनात का, पाव्हना?" दिवलीबाई म्हणाली आणि सगळे खळखळून हसले.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

कमलबाई आल्या. खाली बसता बसता त्यांची नजर खाटेवर गेली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. "अर्ज ऱ्हाऊ द्या. दोन्हीबी पिवया?"

"का? मन्ही पोरले काय झायं?" दिवलीबाई घाबरली.

"पोर धडधाकट शे. पोऱ्याबी धडधाकट शे. पन या दोन्हीसनं लगीन झायं, तर लेकरुले आजार व्हई सकस."

दर बाळंतपणाला चारात एक वेळा तो धोका असतो, हे त्यांनी बोटांवर समजावले. लग्न झालेलेच असेल, तर दिवस राहिल्याबरोबर दवाखान्यात जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, हेही सांगितले. सोनमने मला उचलले, उलटे केले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ वाचली: 'लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्या.'

वाहरूंनी नवलसिंगचे कार्ड हातात घेतले. मग म्हणाले, "मन्ही ममताले लाल भेटनं व्हतं."

ममता त्यांची धाकटी मुलगी. तिचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे. घरच्यांनी कावीळ समजून झाडपाला दिला. ती आठव्या वर्षी गेली.

"आम्हले वाटनं, पिवया कार्ड संपी ग्यात म्हनीसन लाल दिनं." त्यांनी कमलबाईंकडे पाहिले. "ताई, लालवर काय लिखेल ऱ्हास?"

कमलबाई म्हणाल्या, "रोज गोळी देवो. ताप उना का लगेच दवाखानामां न्यावो. पानी भरपूर पाजो."

"पानी?" वाहरू म्हणाले. "पानी तर मन्हा घरमां व्हतं."

सोनमने एकदा नवलसिंगकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. "काका, हाई लगीन नको," ती हळूच म्हणाली. वाहरूंनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलाला घेऊन ते निघून गेले.

मित्रांनो, माझा धक्का अजून ओसरलेला नाही. लाल कार्डाची मुलेसुद्धा वेळेवर औषध आणि काळजी मिळाली, तर शिकतात, मोठी होतात. म्हणून दवाखान्यातून कोणताही कागद हाती आला की विचारा, "यात काय लिहिले आहे?" समजले नाही तर पुन्हा विचारा. समोरचा चिडला तरी विचारा. लोक अडाणी म्हणतील, म्हणू द्या. लाल कार्डावर काय लिहिले आहे, हे ममताच्या घरच्यांनी विचारले नव्हते.